भरतीच्या चार ओळी

रविवार, २७ ऑक्टोबर १९९६

चार ओळी! माझ्या आज्ञावलीतल्या चार ओळी बदलल्या — आणि मला साधं विचारलंसुद्धा नाही!

सकाळी बेटेगावहून चालत सरावलीला आमच्या संगणक मंडळाच्या खोलीवर गेलो, दर रविवारसारखा. रामनाथने कुलूप काढलं, संगणक सुरू केला. कार्तिक महिन्याच्या भरतीच्या वेळांचा तक्ता छापायचा म्हणून मी 'भरती' उघडली. बघतो तर आकडे भलतेच. चष्मा पुसला. आकडे तेच! मग दुरुस्ती-वही उघडली. शेवटच्या पानावर निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात, चार नव्या ओळी उतरवून त्यांच्याखाली —

'"भरती". ओळ ११० ते १४० बदलल्या. कारण : पंचांगात तिथी गळते तेव्हा या आज्ञावलीतली भरती एका दिवसात दीड तास पुढे उडी मारते. समुद्र मारत नाही. — मंगला तांडेल.'

समुद्र मारत नाही! मला सांगतेय!

ही मंगला म्हणजे दांडीच्या देवू तांडेलची मुलगी. असेल बावीस-तेवीसची. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी संगणकावर चढवते. मंडळात येऊन चार महिनेही झाले नाहीत. आणि 'भरती'साठी मी दोन वर्षं खपलो आहे. चौसष्टाव्या वर्षी, मास्तरकी सुटल्यावर, ही संगणकाची भाषा शिकलो. एकेक ओळ आधी मोठ्याने म्हणायची, वर्गात कविता म्हणायचो तशी, आणि ठेक्यात बसली की मगच टंकायची. नलू स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, भिंतीला काय शिकवताय?" किनाऱ्यावरचा जुना हिशोब — तिथीगणिक भरती अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे — तो मी यंत्राला शिकवला. पंचांगातली तिथी द्या, भरतीची वेळ घ्या. आज तो तक्ता दांडीच्या मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लागतो. फ्लॉपी टपालाने हर्णैपर्यंत गेली. तिकडून पत्र आलं, 'मास्तरांची भरती पोचली.' मास्तरांची!

तिथल्या तिथे तिच्या चारही ओळी पुसल्या. माझ्या परत घातल्या. वहीत लिहिलं — 'पूर्ववत केली.' कारणाच्या रकान्यात लिहिलं — 'कर्ता मी आहे.'

रामनाथने वाचलं. हा कारखान्यात मीटर दुरुस्त करतो, मंडळाची किल्ली त्याच्याकडे असते. हसायला लागला. "मास्टरजी, ये कारण है कि धमकी?"


सोमवार, २८ ऑक्टोबर

डोकं अजून तापलेलं. त्यात नलूने भर घातली. म्हणाली, "पण तो नियम तुम्हीच लिहिलाय ना? फ्रेमसुद्धा इथूनच नेलीत. माझ्या माहेरच्या फोटोची."

हो, मीच लिहिला! तीन वर्षांपूर्वी एका कारखान्याने जुना संगणक टाकून दिला, आम्ही नऊ जणांनी तो हातगाडीवर घालून सरावलीला आणला, त्या दिवशी. माझ्या अक्षरात भिंतीवर आहे — 'इथली कुठलीही आज्ञावली कुणा एकाची नाही. कुणीही उघडावी, वाचावी, बदलावी. मात्र काय बदललं आणि का, ते वहीत लिहावं. वही वय विचारत नाही, कारण विचारते.'

चांगलं लिहिलंय. आजही वाटतं, चांगलं लिहिलंय. पण ते लिहिताना डोळ्यांपुढे नवशिक्यांच्या आज्ञावल्या होत्या. माझी नव्हती!


रविवार, ३ नोव्हेंबर

आज मंडळाची बैठक. विषय एकच.

मंगला उभी होती. खोलीत खुर्च्या सहाच. हातात शंभर पानी वही. म्हणाली, गणपती झाल्यापासून खाडीत बांबू रोवलाय, रोज भरतीचं पाणी कुठल्या वेळेला उलट फिरतं ते लिहिलंय, ज्या दिवशी ती कामावर असते त्या दिवशी तिची आई लिहिते. वही तिने माझ्यापुढे धरली. मी हातात घेतली नाही.

"पंचांगवाले मूर्ख आणि तू शहाणी?" मी विचारलं.

"पंचांग बरोबर हाय — आहे, सर. पण त्यात तिथी सूर्योदयाची धरतात. उपासाला ती चालते. पाणी उपास करत नाही."

सगळे हसले! त्या बुधानेसुद्धा दात काढले, ज्याला मी कळफलकावरची अक्षरं ओळखायला शिकवली.

ती मात्र हसली नाही. शांतपणे सांगत होती. "तिथी गळली की तुमचा हिशोब एका दिवसात दोन तिथ्यांची उडी मारतो. मी तिथी मोजतच नाही. अवसेपासून पुनवेपर्यंत किती दिवस ते मोजते आणि भरतीची वेळ त्या दिवसांत सारखी वाटून देते. एवढाच फरक आहे, सर. नवरात्रात होड्यांसाठी बर्फ आणणारी गाडी दांडीला चारदा उशिरा आली. लोक ड्रायव्हरला शिव्या घालत होते. तो बिचारा तुमच्या तक्त्याप्रमाणेच येत होता."

"ड्रायव्हर आळशी असतात!" मी म्हणालो. "आणि तू माझ्या वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती."

"आता उभीच आहे, सर."

पुन्हा हशा. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुमची आज्ञावली चांगली आहे म्हणून दुरुस्त केली. वाईट असती तर नवी लिहिली असती."

हे काय बोलणं झालं? ही स्तुती की उपकार? मी उठलो. छत्री उचलली. सांगून टाकलं — 'भरती' जशी आहे तशी राहील, नाहीतर मी मंडळात राहणार नाही.

  मग बुधा म्हणाला, "जाऊ द्या ना. मास्तरांचा मान हाय." एकेकाने मान हलवली. रामनाथ जमिनीकडे बघत होता.

मंगला म्हणाली, "ठीक आहे, सर. माझी हरकत वहीत लिहून ठेवते." आणि लिहिली. दोनच शब्द — 'हरकत कायम.'

जिंकलो. दुपारी ताटावर बसलो तर नलू म्हणते, "जिंकलात ना? मग भात का चिवडताय?"


मंगळवार, ५ नोव्हेंबर

कार्तिकाचा तक्ता घेऊन स्वतः दांडीला गेलो. टपालाने पाठवला असता तरी चाललं असतं, पण आता माणसांवर भरवसा राहिला नाही. खाली मोठी सही ठोकली.

सोसायटीचा कारकून वामन, भला माणूस. त्याला बजावलं, "ज्याच्यावर माझी सही तोच तक्ता खरा. दुसरा कुणी आणला तर लावायचा नाही."

"बरं मास्तर. बर्फाची गाडी पन याच्यावरच सांगू ना?"

"याच्यावरच."

बर्फ बोईसरहून येतो. मोठ्या होड्या भरपूर पाणी असेल तेव्हाच खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या उंचवट्यावरून पार होतात. म्हणून गाडी तक्त्यातल्या वेळेच्या तासभर आधी यायची, बर्फ चढवायचा आणि पाणी फिरायच्या आत निघायचं. इतकी माणसं माझ्या आकड्यांवर हलतात! बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्यामधून परत येताना छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज उगीचच हिरा आठवली. पालघरची शाळा, एकसष्ट साल, पाचवीचा वर्ग. साठ मुलं एका चालीवर कविता म्हणायची तेव्हा कौलं थरथरायची. मी डोळे मिटून हाताने ठेका धरायचो. तो आवाज आजही कानात आहे. बाकी काय काय विसरलो, तो नाही विसरलो.

कवितेत मध्यरात्री पुनवेचा चंद्र डोंगरामागून वर येतो असं होतं. ही हिरा, किनाऱ्यावरच्या गावातली, बोट वर करून म्हणाली, "गुरुजी, पुनवेचा चांद दिवे लावायच्या टायमाला उगवतो. मध्यरात्री नाय."

वर्ग हसला. मी तिला तासभर बाकावर उभी केली. म्हणालो, कवितेत चालतं.

अजूनही म्हणतो, कवितेत चालतं! चालायलाच हवं. पण मग बाकावर का उभी केली?


रविवार, १० नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. मंडळ बंद. बरं झालं.


गुरुवार, १४ नोव्हेंबर

काल भाऊबीज. नलूचे भाऊ आले, जेवले, गेले. आज सकाळी पंचांग उघडलं. काल द्वितीया, आज एकदम चतुर्थी. मधली तृतीया गळली आहे. तक्त्यावर कालची भरती १.३६ ची. आजची ३.१२ ची.

पंचांग मिटून ठेवलं.


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

रामनाथ सायकलने घरी आला. आजवर कधी आला नव्हता. पाणी दिलं ते घेतलं नाही.

देवू तांडेलची होडी काल खाडीच्या तोंडाशी रुतली. पाणी अडीचच्या सुमारासच फिरलं. मंगला म्हणत होती तसं. बर्फाची गाडी आली दोन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या ३.१२ च्या हिशोबाने. लहान होड्या बर्फाशिवायच निघून गेल्या. देवूची मोठी. बर्फ चढवेपर्यंत तीन वाजले, निघाला तो अडकला. पाणी उतरलं तशी होडी कलली, खडकावर आपटली. सुकाणू तुटलं, बाजूची फळी फुटली. माणसं वाचली, कुणाला इजा नाही.

"इत्तेफाक नहीं है, मास्टरजी," एवढंच म्हणाला आणि गेला.

मग माझा संताप सुरू झाला. पंचांग छापणाऱ्यांचा! तिथीच्या शेजारी एक ओळ घालायला काय होतं? त्या वामनचा! स्वतःच्या गावचं पाणी त्याला दिसत नाही? कागद काय बघतो? त्या गाडीवाल्याचा! संध्याकाळपर्यंत सगळ्यांना झोडून झालं. शेवटी राहिलो मी. मला कुणी झोडेना.


शनिवार, १६ नोव्हेंबर

दांडीला जाऊन आलो. नलू म्हणाली, "कशाला जाता? ते काय हार घालणार आहेत?" मग स्वतःच करंज्यांचा डबा भरून हातात दिला.

होडी वर ओढून कुशीवर टाकली होती. फुटलेली फळी उघडी पडलेली. देवूची बायको मैनाबाई तिथे टोपली घेऊन उभी. मला बघून मोठ्याने म्हणाली, "ये बघा, सही करनारे आले!" आजूबाजूच्या बायका फिसकन हसल्या. डबा पुढे करायची हिंमत झाली नाही.

देवू ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पाट आणून बसायला दिला. चहा सांगितला. म्हणाला, "मंगली सकालीच बोलली होती, बाबा, पानी अडीचला फिरेल. पन बर्फाशिवाय दर्यात जाऊन काय करू? मासोली काय गरम आनू? बोललो, निघेल. नाय निघाली." चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "बर्फ वितळतो, मास्तर, नि पानी उतरतं. दोघांच्या मधी माजी होडी."

"तू तरी मला आधी..." माझं वाक्य पुरं झालं नाही. काय म्हणणार होतो? तू तरी मला आधी का नाही सांगितलंस? त्याच्या मुलीने सांगितलं होतं. वहीत. कारणासकट.

वामनला गाठलं. त्याचं तोंड एवढंसं. "मंगला गुरुवारी सकाळी आली होती, मास्तर. बोलली, गाडी दीडला मागव. मी बोललो, मास्तरांची सही हाय, मना नाय बदलता येत. तुमीच बोललेले."

मीच बोललेलो.

मंगला होडीच्या पलीकडच्या बाजूला होती, सुताराला माप देत. मला बघितलं. "नमस्कार सर" म्हणाली, आणि पुन्हा मापाला लागली. रागाने नाही. कामात होती. मला तेच लागलं! रागावण्याइतकीही सवड तिला माझ्यासाठी नव्हती.

निघताना मैनाबाईनेच हाक मारली. "मास्तर, डबा काय फिरवायला आनलाय?" घेतला. उघडून बघितला आणि म्हणाली, "बायकोला सांगा, करंज्या बऱ्या हायत. त्यांच्यात चूक नाय."


रविवार, १७ नोव्हेंबर

मंडळात आज माझाच आवाज होता. भांडलो. माफी मागायची म्हणून गेलो आणि भांडलो!

आठ माणसं होती त्या दिवशी खोलीत. एकाने माझा हात धरला नाही! एकाने म्हटलं नाही की मास्तर, तिची वही तरी बघा. मान हाय म्हणे! हा कसला मान? माणूस चुकीच्या वाटेने चालला आहे आणि तुम्ही त्याच्यासाठी वाट मोकळी करून देता, ह्याला मान म्हणतात? मला शहाणा समजून गप्प बसलात की म्हातारा समजून? बोला ना!

बुधा खाली मान घालून म्हणाला, "तुमी जायचं बोललात, मास्तर."

रामनाथ म्हणाला, "हम डर गए. आप चले जाते तो मंडल में रहता कौन? लेकिन गलती हमारी भी है. वो लड़की अकेली खड़ी थी."

 एकटी उभी होती. मी तिला बाकावर उभं करायच्या गोष्टी करत होतो, आणि त्या खोलीत मला मान देत होती ती एकटीच. माझी आज्ञावली तिने उघडून ओळ न् ओळ वाचली. दोन वर्षांत दुसऱ्या कुणी वाचली होती? सगळ्यांनी वाहवा केली. वाचली तिनेच.

मंगला आज आली नव्हती. बापाच्या होडीवर होती. मीच संगणकावर बसलो आणि तिच्या चार ओळी दुरुस्ती-वहीतून बघून बघून टंकल्या. मोठ्याने म्हणत. तिच्या ओळींना ठेका नाही. सरळ चालतात. पण आकडे काढले आणि तिच्या शंभर पानी वहीशी ताडून बघितले — वही ती कपाटातच ठेवून गेली होती, सगळ्यांसाठी. पाच-दहा मिनिटांचा फरक. कुठे तोही नाही.

मग आज्ञावलीच्या डोक्यावर होतं ते माझं नाव पुसलं. पूर्ण. 'कर्ता : दामोदर मास्तर, बेटेगाव' ही ओळच काढली. तिचं नाव घातलं. वहीत लिहिलं, 'मंगला तांडेल यांची दुरुस्ती मान्य. मूळ कर्त्याचे नाव काढून टाकले.' सही केली आणि कुणाशी न बोलता बाहेर पडलो.


मंगळवार, १९ नोव्हेंबर

हर्णैला आणि आणखी तीन ठिकाणी पत्रं टाकली. 'तिथी गळेल त्या पंधरवड्यात माझा तक्ता मानू नये. नवी फ्लॉपी येते आहे.' 'माझा' हा शब्द आधी गाळला होता. पण तिथे तो हवाच होता.

दांडीलाही वामनकडे नवा तक्ता पाठवला. सही न करता. 'यापुढे हाच लावावा, सही बघू नये' अशी चिठ्ठी जोडली.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

हलकं वाटतंय. खरंच. नाव नाही, हक्क नाही, तंटा नाही. यापुढे मंडळात जाणार नाही. दुपारी ओट्यावर बसून जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता मोठ्याने म्हटल्या. सगळ्या पाठ आहेत अजून.

नलू म्हणाली, "रुसलाय तुम्ही."

"रुसलो नाही. निवृत्त झालो."

"तेच ते," म्हणाली. "फक्त ह्यात जेवायला बोलवावं लागतं."

कुणी बोलवायला मात्र आलं नाही. चार दिवस झाले. मी नाव काढलं, त्यावर कुणाला काही म्हणावंसं वाटू नये? एवढी माणसं मी उभी केली! बुधाचं घर तर दोन गल्ल्यांपलीकडे आहे.


रविवार, २४ नोव्हेंबर

राहवलं नाही. सरावलीला गेलो. वही उघडली. निळी शाई.

'"भरती". दामोदर मास्तरांचं नाव परत घातलं, माझ्या नावाच्या वर. कारण : नाव काढणं ही दुरुस्ती नव्हे. पुढे ही आज्ञावली उघडेल त्याला कळायला हवं की मूळ काम कोणाचं, चूक कोणाची आणि ती मान्य कोणी केली. सरांची हरकत असल्यास कारण लिहावं. — मंगला.'

पेन घेऊन तासभर बसलो. कारण सापडलं नाही.